घशाच्या कॅन्सरमध्ये अन्ननलिकेची स्कोपी: कुणाची, कधी आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५६ वर्षांचे. घशाच्या खालच्या भागात, पायरीफॉर्म सायनसमध्ये कॅन्सर निघाला आहे. तीस वर्षं विडी-सिगारेट आणि जवळजवळ रोजची दारू. मुंबईत परळच्या हॉस्पिटलमध्ये उपचार ठरत आहेत. पेट स्कॅनमध्ये अन्ननलिका स्वच्छ आहे, गिळायला विशेष त्रास नाही, तरी डॉक्टरांनी अन्ननलिकेची स्कोपी करून आणायला सांगितली आहे. ती खरंच लागते का, की त्यात उपचाराचेच दिवस वाया जातील? दुसरं म्हणजे, मावशीला चार वर्षांपूर्वी गालाचा कॅन्सर झाला होता. ती आयुष्यभर फक्त मिश्री लावायची, दारूला कधी शिवली नाही. तिचीही स्कोपी करून घ्यावी का?

वडिलांची जरूर करा, आणि उपचार सुरू व्हायच्या आधी करा. पण 'आत दुर्बीण घालून आलो' एवढ्यावर समाधान मानू नका. ही तपासणी चांगली झाली तरच तिचा उपयोग आहे. घाईत झाली तर 'नॉर्मल' लिहिलेला कागद हातात येतो आणि सगळेच निर्धास्त होतात, ते जास्त धोक्याचं. मावशीचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी देतो.

आधी एक गैरसमज. अन्ननलिकेत काही सापडलं की घरचे म्हणतात, 'म्हणजे पसरला'. बहुतेक वेळा तसं नसतं. तो दुसरा, स्वतंत्र कॅन्सर असतो. ओठाच्या आतल्या बाजूपासून जठराच्या तोंडापर्यंतचं अस्तर एकाच जातीचं आहे, चपट्या पेशींचं. विडीचा धूर आणि दारू यांचा मार या सगळ्या अस्तरावर वर्षानुवर्षं एकत्रच बसतो. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या आजूबाजूचं, डोळ्यांना निरोगी दिसणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर तेही बिघडलेलं निघालं. त्यांनी त्याला जे नाव दिलं त्यात 'फील्ड' हा शब्द आहे, आणि आपल्याकडे तो समजावून सांगायला सोपा जातो: तण एका वाफ्यात वर आलेलं दिसलं, तरी बी सगळ्या वावरात पडलेलं असतं. हा फरक नुसता शब्दांचा नाही. पसरलेला कॅन्सर म्हणजे पुढची पायरी. स्वतंत्र आणि लवकर सापडलेला दुसरा कॅन्सर पूर्ण बरा होऊ शकतो. पहिल्या कॅन्सरसोबत किंवा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सापडला तर त्याला सोबतचा म्हणतात, त्यानंतर आला तर मागाहूनचा.

हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. सगळ्यात जास्त तो हायपोफॅरिंक्सच्या, म्हणजे वडिलांना झाला आहे त्या जागेच्या कॅन्सरमध्ये असतो. त्याखालोखाल टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा, पण एचपीव्ही विषाणूमुळे न झालेला. मग जिभेखालची जागा आणि जीभ, विशेषतः माणूस पिणारा असेल तर. स्वरयंत्राच्या वरच्या भागात मध्यम. फक्त स्वरतंतूवरचा लहान कॅन्सर असेल तर कमी. एचपीव्हीमुळे झालेला टॉन्सिलचा कॅन्सर आणि तंबाखू-दारू दोन्ही नाही, अशा माणसात खूपच कमी. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. वडिलांच्या बाबतीत जागा आणि सवयी, दोन्ही त्याच बाजूला आहेत.

इंटरनेटवर जपान-तैवानचे मोठे आकडे वाचून घाबरू नका. तिकडे बऱ्याच लोकांमध्ये दारू पचवणारं एक एन्झाइम, एएलडीएच-२, जन्मतःच कमजोर असतं. दोन घोट घेतले की चेहरा लाल होतो. अशा माणसाने पिणं चालू ठेवलं की दारूपासून शरीरात तयार होणारं विषारी ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि अन्ननलिकेचं अस्तर फार लवकर बिघडतं. आपल्याकडे हा दोष क्वचित आढळतो, आणि आपल्याकडचा मोठा भार गाल-हिरडीच्या, तंबाखू-सुपारी चघळून होणाऱ्या कॅन्सरचा आहे. म्हणून तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे लावत नाहीत. तपासण्याची पद्धत मात्र तिकडूनच शिकण्यासारखी आहे, कारण या बाबतीत त्यांचा हात सगळ्यांत तयार आहे.

आता पेट स्कॅन. तो साखर जास्त खाणाऱ्या पेशींचा गोळा दाखवतो. अन्ननलिकेचं आतलं अस्तर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्या थरात दीड-दोन सेंटीमीटर रुंद पण सपाट पसरलेला कॅन्सर असला तरी पेटला दाखवण्याजोगं त्यात काही नसतं. बेरियमच्या एक्स-रेची हीच गत. उलट आम्लपित्ताने सुजलेली अन्ननलिका पेटवर उगाच चमकते. थोडक्यात, पेट स्वच्छ आहे म्हणजे मोठी गाठ नाही. आपल्याला जे शोधायचं आहे ते त्याच्या आधीच्या टप्प्यावरचं आहे. गिळायला त्रास नाही याचाही अर्थ तेवढाच. घास अडकायला लागतो तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते.

उपचाराआधीच का, याला चार ठोस कारणं आहेत.

आधी सापडलं तर उपचाराचा आराखडाच बदलू शकतो. अस्तरापुरता वरवरचा कॅन्सर असेल तर तो दुर्बिणीतून सोलून काढून मग घशाचे उपचार सुरू करता येतात, किंवा घशाचे आधी आणि हे नंतर. कुठला जास्त जीवघेणा आहे त्यावर क्रम ठरतो. अन्ननलिकेत खोलवर गेलेला निघाला तर रेडिएशनचं क्षेत्र, किमोची औषधं, ऑपरेशन कुठलं, हे सगळं ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, नव्याने मांडावं लागतं. घसा काढून नवी नळी बनवायची असेल तर जठर वर ओढून आणायचं की आतड्याचा किंवा कातडीचा तुकडा लावायचा, हेही अन्ननलिका निरोगी आहे की नाही यावर ठरतं.

दुसरं कारण पोटातल्या नळीचं. रेडिएशनच्या काळात गिळता येणार नाही म्हणून बऱ्याच जणांना पीईजी, म्हणजे पोटातून थेट जठरात नळी बसवतात. पण पुढे अन्ननलिका काढायची वेळ आली तर तिच्या जागी सहसा जठराचीच नळी करून वापरतात. त्यात आधीच भोक पाडलेलं असेल तर सर्जनचं काम अवघड होतं. अन्ननलिका न बघता पीईजी घालू नये. आणि पीईजीसाठी स्कोप आत जाणारच आहे, तर त्याच बैठकीत आधी अन्ननलिका नीट तपासून घ्यावी. स्कोप तिथूनच जातो, पण लक्ष जठराकडे असतं. फॉर्मवर 'पीईजी' सोबत 'अन्ननलिकेची तपासणी, आयोडीनसह' असं लिहून मागा (आयोडीन कशासाठी, ते पुढे सांगतो).

तिसरं, नंतर रस्ताच बंद होतो. ऑपरेशननंतर छातीवरचा मांसल तुकडा (फ्लॅप) घशात बसवलेला असतो, रेडिएशननंतर घशाचं तोंड आक्रसतं, जबडा उघडत नाही. आज सहज जाणारा स्कोप सहा महिन्यांनी जाईलच असं नाही.

चौथं कारण पॅथॉलॉजीचं. रेडिएशन, आपल्या लोकांच्या भाषेत शेक किंवा लाईट, घेतल्यावर अन्ननलिकेच्या वरच्या भागातल्या पेशी सुजून वेड्यावाकड्या दिसतात. तेव्हा काढलेल्या तुकड्यात हा रेडिएशनचा परिणाम आहे की कॅन्सरची सुरुवात, हे सांगणं पॅथॉलॉजिस्टलाही कठीण जातं. म्हणून शेक संपल्यावर तातडीचं कारण नसेल तर निदान तीन महिने थांबून स्कोपी करतात.

उपचाराला उशीर होईल ही तुमची काळजी रास्त आहे, पण तो व्हायचं कारण नाही. घशाच्या बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, दातांची तपासणी, भुलेच्या डॉक्टरांचा फिटनेस यात आठवडा-दीड आठवडा जातोच. स्कोपी त्याच दिवसांत बसवायची. ट्यूमर बोर्डाच्या दिवसाआधी रिपोर्ट फाईलला लागला पाहिजे, हे एक धरून चाला. परळच्या ओपीडीत नंबर लांबचा मिळत असेल तर बाहेर करून घेतलेली स्कोपीही चालते, फक्त ती पुढे सांगतो तशी व्हायला हवी. तारीख घेतानाच तीन गोष्टी विचारा: मशीनवर एनबीआय किंवा तसाच रंग बदलणारा प्रकाश आहे का, गरज पडली तर आयोडीन मारणार का, आणि बारीक स्कोप उपलब्ध आहे का. पहिल्या दोन्हींना 'नाही' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

बारीक स्कोपचं का विचारायचं? सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड पुरेसं उघडत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीने आखडलेले जबडे ओपीडीत रोज दिसतात. साध्या स्कोपची जाडी ९ ते १० मिलिमीटर, शिवाय दातांत धरायचं प्लॅस्टिकचं कडं. घरी एक परीक्षा करा: वडिलांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. तीन गेली तर प्रश्न नाही. दोनही जात नसतील तर आधीच सांगून ठेवा. मग नाकातून जाणारा ५ ते ६ मिलिमीटरचा स्कोप वापरतात. त्याची पाणी-लाळ ओढून घेण्याची ताकद कमी असते, तुकडा लहान निघतो, चित्र थोडं डावं असतं, पण जबरदस्तीने दात पाडण्यापेक्षा तो हजारपट बरा.

तयारी साधी आहे, पण चुकते. घन अन्न सहा तास बंद, साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं. नाकातल्या नळीतून फीड चालू असेल तर तेही सहा तास आधी थांबवायचं. ही सूचना बऱ्याचदा द्यायचीच राहते आणि पेशंट परत पाठवला जातो. बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यावी, डायबेटिसची सकाळची गोळी सहसा घेत नाहीत. ॲस्पिरिन चालू असेल तर ते सहसा थांबवावं लागत नाही. त्याहून कडक रक्त पातळ करणारी औषधं असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा. स्वतःहून काहीही बंद करू नका. कवळी काढायची. भूल देणार असतील तर सोबत एक धडधाकट माणूस हवा. स्कोपीनंतर एकट्याने लोकल पकडायची नाही आणि २४ तास गाडी चालवायची नाही.

भुलेचा मुद्दा वडिलांसाठी खास महत्त्वाचा. श्वास घेताना घरघर होत असेल, झोपेत गुदमरत असेल, आवाज जाड झाला असेल, तर घशातल्या गाठीने हवेचा रस्ता अरुंद केला असण्याची शक्यता असते. अशा माणसाला साध्या स्कोपी रूममध्ये झोपेचं इंजेक्शन देणं धोक्याचं. एकतर फक्त घसा बधिर करून, जागेपणी करायची, नाहीतर भुलेच्या डॉक्टरांच्या हजेरीत ऑपरेशन थिएटरमध्ये, कान-नाक-घशाचे डॉक्टर घसा बघतील त्याच वेळी. दुसरा पर्याय मला जास्त पसंत आहे, कारण एका भुलेत दोन्ही कामं होतात.

आता खुद्द तपासणी. लाळ आणि फेस हा इथला पहिला शत्रू. घशाच्या पेशंटला थुंकी नीट गिळता येत नाही, त्यामुळे अन्ननलिकेच्या भिंतीवर चिकट थर बसलेला असतो. स्कोपीच्या १५-२० मिनिटं आधी सुमारे १०० मिलीलीटर पाण्यात ॲसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम आणि फेस मोडणारं सिमेथिकोन मिसळून प्यायला देतात. पिताना ठसका लागत असेल, पाणी श्वासनलिकेत जात असेल, तर हे प्यायला द्यायचं नाही; तेच मिश्रण स्कोपमधून आत सोडून भिंती धुवायच्या. अन्ननलिका फार आकुंचन पावत असेल तर हायोसिन २० मिलिग्रॅम शिरेतून देतात. काचबिंदू, हृदयाचे अनियमित ठोके किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांना ते टाळायचं.

आधी साध्या पांढऱ्या प्रकाशात, मग एनबीआयमध्ये. एनबीआय म्हणजे फक्त निळ्या आणि हिरव्या पट्ट्यातला प्रकाश. त्यात रक्तवाहिन्या उठून दिसतात. निरोगी अस्तर फिकट, आणि बिघडलेली जागा चहाचा डाग पडावा तशी तपकिरी दिसते. अशा डागाजवळ स्कोप नेऊन मोठं करून बघितलं की अस्तरातल्या केसाहून बारीक वाहिन्यांचे वेढे दिसतात. ते नुसते फुगून वळवळले असतील तर आजार बहुधा वरच्या थरातच आहे. वेढ्यांचा आकार मोडून वाहिन्या लांबट, मग जाड होत गेल्या तर तो खोल उतरतोय. एनबीआयने किती फरक पडतो याचा एक आकडा पुरेसा आहे. जपानमधल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास होता, अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या ३२० रुग्णांवर. अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर साध्या प्रकाशात सुमारे ५५ टक्के सापडले, एनबीआयमध्ये सुमारे ९७ टक्के.

शेवटी आयोडीन, म्हणजे लुगोलचं द्रावण. बाटलीत ते सहसा ५ टक्के मिळतं. तेवढं कडक मारायचं नसतं. १२ मिलीलीटर द्रावणात २८ मिलीलीटर सलाईन घातलं की ४० मिलीलीटर दीड टक्क्याचं होतं आणि ते भरपूर झालं. फवाऱ्याची नळी स्कोपमधून घालून जठराच्या तोंडापासून वर वर येत मारायचं, आणि दातांपासून २० सेंटीमीटरवर थांबायचं. त्याच्या वर फवारलं तर घशात, स्वरयंत्रात जातं, पेशंटला जीवघेणा खोकला येतो. तो वरचा भाग एनबीआयनेच बघायचा. डोकं थोडं उंच ठेवायचं.

मग जे दिसतं ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्याला आयोडीन धरतं, आणि अर्ध्या मिनिटात सगळी नळी पानातल्या कातासारखी गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींत ग्लायकोजेन नसतं, ती जागा रंगत नाही. गडद भिंतीवर फिकट पिवळसर, कडा धारदार असलेला एक नकाशा उमटतो. इथे घाई करायची नाही. दोन-तीन मिनिटं तसंच थांबून त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. तो हळूहळू गुलाबी झाला तर बहुधा उच्च दर्जाचा डिसप्लेशिया (पेशींचा कॅन्सरच्या आधीचा बिघाड) किंवा कॅन्सर. पिवळाच राहिला, लहान राहिला, तर बहुधा सूज किंवा किरकोळ बदल. गुलाबीबद्दल शंका असेल तर त्याच क्षणी एनबीआय लावला की ती जागा चांदीसारखी चमकते. ५ मिलिमीटरपेक्षा मोठा, वेड्यावाकड्या कडांचा, गुलाबी होणारा डाग सोडायचा नाही.

काही जणांत एक डाग नसतो, बिबट्याच्या कातडीसारखी सगळी नळी ठिपक्यांनी भरलेली असते. एका दृश्यात असे दहा किंवा जास्त ठिपके म्हणजे अस्तर सर्वत्र बिघडलं आहे. आज कॅन्सर नसला तरी पुढच्या काही वर्षांत अन्ननलिकेत आणि घशात पुन्हा निघण्याची शक्यता अशा माणसात सगळ्यात जास्त. ठिपक्यांची ही नोंद रिपोर्टमध्ये असलीच पाहिजे, पुढची तारीख तिच्यावर ठरते.

काम झालं की सोडियम थायोसल्फेटचं ५ टक्के द्रावण मारायचं, आयोडीनचा रंग आणि जळजळ दोन्ही उतरते. जठरात साचलेलं आयोडीनही शोषून घ्यायचं. हे केलं नाही तर पेशंट रात्रभर छाती धरून बसतो. आयोडीनची खरी ॲलर्जी आणि वाढलेला थायरॉइड, या दोन कारणांनी आयोडीन टाळतात. थायरॉइडचा आयोडीन स्कॅन ठरला असेल तरी आधी कळवा. बोंबील-कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी नव्हे. ती त्या माशा-कोळंबीतल्या प्रथिनांची असते, त्यामुळे तिच्यामुळे ही तपासणी अडत नाही.

कुठे चुकतं? पहिली जागा घशाच्या अगदी खाली, दातांपासून १५ ते २० सेंटीमीटर. आत जाताना स्कोप घट्ट स्नायूतून झटक्यात पुढे सरकतो आणि बाहेर येताना डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही सुटायची घाई असते. हायपोफॅरिंक्सच्या पेशंटमध्ये नेमकी हीच जागा सगळ्यात संशयाची. स्कोपच्या टोकाला पारदर्शक टोपी लावून, हवा सोडत, इंच-इंच मागे यावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की धुणं आणि आयोडीन सोडून नुसत्या अन्ननलिकेच्या निरीक्षणालाच तीन-चार मिनिटं दिली नाहीत, तर ती तपासणी झाली असं धरू नये.

दुसरी चूक तुकड्यांची. संशयित डागातून एक, फार तर दोन तुकडे पुरतात. खात्री व्हावी म्हणून सहा-आठ तुकडे काढले की तिथे जखम भरताना व्रण धरतो, थर एकमेकांना चिकटतात, आणि मग तोच डाग दुर्बिणीतून सोलून काढणं अवघड होऊन बसतं. तिसरी, बुरशी. रेडिएशन, स्टेरॉइड, अशक्तपणा यामुळे अन्ननलिकेत कँडिडाचे पांढरे थर बसतात. त्यांच्याखाली काय आहे ते कळत नाही. फ्लुकोनाझोलचा दोन ते तीन आठवड्यांचा कोर्स देऊन पुन्हा बघायचं, 'बुरशी आहे' एवढं लिहून फाईल बंद करायची नाही. चौथी, जबरदस्ती. अरुंद जागेतून स्कोप जात नसेल तर ढकलायचा नाही, तिथेच नळी फाटते. बारीक स्कोप आणायचा किंवा तारेवरून हळूहळू रुंद करून मग जायचं. स्कोपीनंतर छातीत किंवा मानेत सतत वाढणारं दुखणं, ताप, मानेची कातडी दाबल्यावर कुरकुर जाणवणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीला जायचं.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं? डाग कुठे, म्हणजे दातांपासून किती सेंटीमीटर. घड्याळाच्या कुठल्या काट्यावर. नळीच्या परिघाचा किती भाग व्यापलाय. उंच, सपाट की खोलगट. आणि फोटो. काहीच सापडलं नसेल तरी 'एनबीआय व आयोडीनने तपासलं' असं लिहिलेलं हवं. नुसत्या 'ईसोफॅगस नॉर्मल' या दोन शब्दांवरून पुढे कुणालाच काही ठरवता येत नाही. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर घशाच्या कॅन्सरचं निदान आणि शेक झाला असेल तर त्याची तारीख लिहायला सांगा.

तुकड्यात कमी दर्जाचा डिसप्लेशिया निघाला तर सहा महिने ते वर्षाने पुन्हा बघतात. उच्च दर्जाचा किंवा अस्तरापुरताच कॅन्सर असेल तर ईएसडी, म्हणजे खाली द्रव भरून तो थर उचलायचा आणि एका तुकड्यात सोलून काढायचा. पोट उघडावं लागत नाही, अन्ननलिका जागेवर राहते. अशा वरच्या थरातल्या आजाराचं लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड) जाण्याचं प्रमाण फारच कमी. अस्तराखालच्या पातळ स्नायूपर्यंत पोचला तर साधारण दहातल्या एकाच्या गाठींत असतो, आणि त्याखालच्या थरात खोल उतरला तर तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांच्या. अर्ध्या-एक मिलिमीटरच्या खोलीवर एवढा फरक पडतो, लवकर शोधण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच. डागाने परिघाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापला असेल तर सोलल्यानंतर नळी आक्रसते. स्टेरॉइड देऊन आणि वेळोवेळी रुंद करून ते सांभाळावं लागतं, हे आधीच समजून घ्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. मूळ घशाचा कॅन्सर फार पुढे गेला असेल, फुफ्फुसात किंवा हाडात पसरला असेल, तर अन्ननलिकेतला वरवरचा डाग शोधून त्या माणसाच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. तिथे ही तपासणी फक्त त्रास आहे. मूळ आजार बरा करायच्या उद्देशाने उपचार होणार असतील तरच ती करायची. वडिलांच्या फाईलवर 'क्युरेटिव्ह' लिहिलं असेल तर करा.

पुढे किती वेळा? यावर जगभर एकमत नाही. अमेरिकन मार्गदर्शक सूचना सरसकट सगळ्यांची स्कोपी सांगत नाहीत, गरजेप्रमाणे करा म्हणतात. मी असं सुचवेन: बिबट्याच्या कातडीसारखं अस्तर असेल तर सहा महिन्यांनी, मोजके ठिपके असतील तर वर्षाने, अस्तर स्वच्छ रंगलं आणि व्यसन खरंच सुटलं असेल तर दोन-तीन वर्षांनी. पण या वेळापत्रकापेक्षा एक खूण मोठी आहे. उपचारानंतर स्थिर झालेलं गिळणं पुन्हा बिघडलं, भाकरी जात होती ती जाईनाशी झाली, मऊ भातावर आलं, की 'शेकामुळे असं होतंच' म्हणून महिनेन् महिने काढू नका. शेकाने आक्रसलेली नळी आणि नवा कॅन्सर, दोन्हींची सुरुवात हुबेहूब सारखी असते. स्कोपी केल्याशिवाय ती वेगळी करता येत नाहीत.

वडिलांची विडी आणि दारू आजच बंद व्हायला हवी, 'ऑपरेशन झाल्यावर सोडतो' यावर थांबू नका. सोडलं तर पुढच्या वर्षांत नवे कॅन्सर होण्याचं प्रमाण घटतं, हे बिबट्यासारखं अस्तर असलेल्यांतही दिसलेलं आहे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. दारू मात्र रोजची असेल तर एका दिवसात तोडताना डॉक्टरांना सांगूनच तोडा. अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फिट असा त्रास होऊ शकतो, आणि तो भर उपचारात झाला तर सगळंच बिघडतं.

आता मावशी. गालाचा कॅन्सर, मिश्री, दारू नाही. तिला पुढे दुसरा कॅन्सर झालाच तर तो तोंडातच, दुसऱ्या गालात, हिरडीवर किंवा जिभेवर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून तिची खरी तपासणी म्हणजे दर तीन ते सहा महिन्यांनी चांगल्या उजेडात, कवळी काढून, सगळं तोंड बोटाने चाचपून बघणं. लक्षण नसताना तिची नियमित स्कोपी मी करणार नाही. पण 'मिश्री म्हणजे काही नाही' असंही धरू नका. मिश्री जाळलेला तंबाखूच आहे. तिचा रस लाळेसोबत गिळला जातो, आणि धूर नसलेल्या तंबाखूने अन्ननलिकेचाही कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. अजून लावत असेल तर ती सोडवा. तिचं हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडच्या बायकांमध्ये वर्षानुवर्षं लोह कमी राहिलं की घशाच्या तळाशी अन्ननलिकेच्या तोंडावर पातळ पडदा धरतो, कोरडा घास तिथे अडकतो, आणि नेमक्या त्याच जागी पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. मावशी जेवताना प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घेत असेल, चपाती टाळून वरणभातावर आली असेल, किंवा कारणाशिवाय वजन उतरलं असेल, तर तिचीही स्कोपी करा, आणि तीही अशीच आयोडीन मारून.